वर्गातील पाच मिनिटांचे भाषण: तक्ते, नकाशे आणि प्रतिकृती यांसह तयारी कशी करावी

मराठवाड्यातल्या शाळांत भाषणाची सवय लहानपणापासून लागते. मुक्तिसंग्राम दिनाला, शिक्षक दिनाला, प्रजासत्ताक दिनाला मुले माइकपुढे उभी राहतात आणि पाठ केलेला मजकूर चढ्या आवाजात म्हणतात. वर्गात द्यायचे छोटे भाषण याहून वेगळे असते. समोरच्या चाळीस-पन्नास मुलांना जी गोष्ट आधी नीट कळलेली नव्हती ती पाच मिनिटांत कळावी, एवढाच त्याचा हेतू असतो, आणि म्हणून त्यात आवेशापेक्षा नेमकेपणाला अधिक महत्त्व असते. नववी-दहावीच्या तोंडी परीक्षेत, कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रकल्पात, बी.एड.च्या सराव पाठांत आणि पदवीच्या सेमिनारमध्ये हे कौशल्य तपासले जाते. ते कसे कमवावे हे मात्र क्वचितच कुणी समजावून सांगते.

या लेखात ज्या एका गोष्टीवर सर्वाधिक भर आहे ती अशी, की आधी सांगायचे वाक्य ठरवावे आणि दाखवायची वस्तू त्यानंतर निवडावी. बहुतेक विद्यार्थी उलट क्रमाने जातात. दुकानातून कार्डशीट आणतात, इंटरनेटवरची चित्रे छापून त्यावर चिकटवतात, भोवती रंगीत किनार काढतात आणि मग त्या तक्त्याच्या आधाराने काय बोलता येईल याचा विचार सुरू करतात. त्यामुळे तक्ता देखणा होतो, भिंतीवर वर्षभर लटकतो, आणि त्याच्यासमोर काय बोलले गेले हे दुसऱ्या दिवशी कुणालाही सांगता येत नाही.

विषय लहान करणे

‘मराठवाड्यातील दुष्काळ’, ‘अजिंठा-वेरूळची लेणी’, ‘किल्लारीचा भूकंप’ ही शीर्षके विषयाची वाटली तरी एवढ्या विस्तृत क्षेत्रावर पाच मिनिटांत काहीही धड सांगता येत नाही. साधारण गतीने, श्रोत्यांना पोहोचेल अशा रीतीने बोलताना मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. त्यात तक्ता उलगडणे, वस्तू उचलून दाखवणे, मुलांना ती पाहू देणे यासाठी जाणारा वेळ वजा केला तर पाच मिनिटांच्या भाषणाचा मजकूर चारशे शब्दांच्या पुढे नसावा. वहीच्या दोन-अडीच पानांत जे मावेल तेवढेच आपल्या हाती आहे, हे मान्य करूनच विषयाला हात घालावा.

विषय लहान करण्याची सोपी रीत म्हणजे संपूर्ण भाषणाचे सार एका पूर्ण वाक्यात लिहून पाहणे. वेरूळची ३४ लेणी कोणकोणत्या धर्मांची, कोणत्या क्रमांकाची आणि कोणत्या काळातली हे सांगत बसले तर पाच मिनिटे केवळ यादीत संपतात. त्याऐवजी ‘१६ क्रमांकाचे कैलास लेणे बांधलेले नसून डोंगर वरून खाली कोरत नेऊन घडवलेले आहे’ हे एकच वाक्य घेतले, तर ते कसे शक्य झाले असेल, चुकलेला घाव दुरुस्त का करता येत नव्हता, आणि आठव्या शतकातल्या कारागिरांनी शिखर आधी आणि जोते शेवटी का घडवले, हे सारे त्याच्या आधाराने सांगता येते. दुष्काळावर बोलायचे असेल तर २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही एकच घटना पुरेशी आहे.

वाक्य तयार झाले की ते घरातल्या कुणाला तरी, शक्यतो त्या विषयाचा अभ्यास नसलेल्या माणसाला, सांगून पाहावे. आजीने किंवा धाकट्या भावाने ‘ते कसं काय?’ असे विचारले तर वाक्यात जीव आहे असे समजावे. नुसतेच ‘बरं’ म्हणून त्यांनी विषय बदलला, तर वाक्य अजून सैल आहे.

काय दाखवावे

जे शब्दांनी सांगायला वेळ लागतो आणि पाहिले की क्षणात कळते, तेच दाखवण्यासारखे असते. एखाद्या गोष्टीचा आकार, तिची जागा, तिचे मोठेपण किंवा लहानपण, आणि ती हलते किंवा मोडते कशी, या गोष्टी डोळ्यांना लवकर कळतात. तारखा, कारणे, मते आणि भावना कानांनी अधिक चांगल्या कळतात. तक्त्यावर भाषणातलीच वाक्ये लिहून काढणे म्हणूनच व्यर्थ आहे. मुले ती वाचत बसतात, बोलणारा मागे पडतो, आणि दोन्हींपैकी काहीच पूर्ण पोहोचत नाही.

मुक्तिसंग्रामावरील भाषणात त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे छायाचित्र लावण्याची प्रथा आदराची आहे आणि ती पाळण्यास हरकत नाही, परंतु त्या छायाचित्राने विषय उलगडत नाही. त्यासाठी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा नकाशा लागतो. संस्थानात तेव्हा १६ जिल्हे होते, त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ५ मराठी भाषकांचे होते, ८ तेलंगणात आणि ३ कन्नड भागात होते. या नकाशात केवळ ते ५ जिल्हे एका गडद रंगाने भरले आणि बाकीचे कोरे ठेवले, की १५ ऑगस्ट १९४७ नंतरही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश स्वतंत्र भारताच्या बाहेर का राहिला, आणि मराठवाड्याचा लढा तेलंगणातल्या लढ्याशी का जोडलेला होता, हे सांगणे निम्म्याने सोपे होते. नकाशात प्रत्येक नदी, प्रत्येक तालुका आणि प्रत्येक रेल्वेमार्ग दाखवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ज्या नावाचा उच्चार भाषणात होणार नाही ते नाव नकाशावर नसावे.

आकडा मोठा असेल तर त्याची वस्तू करावी. २०१६ साली लातूरला आलेल्या ५० वाघिणींच्या पाणीगाडीत सुमारे २५ लाख लिटर पाणी येत असे. हा आकडा ऐकणाऱ्याला प्रचंड वाटतो आणि प्रश्न सुटला असावा असा समज होतो. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या जवळपास चार लाख होती. तिने भागले तर माणशी सव्वासहा लिटर पाणी पडते. तेवढे पाणी कळशीत किंवा डब्यात मोजून भरून वर्गात टेबलावर ठेवावे, आणि एका माणसाचे दिवसभराचे पिणे, स्वयंपाक, आंघोळ आणि कपडे यातून कसे भागवायचे हा प्रश्न वर्गाला विचारावा. रंगीत स्तंभालेखाने जे होणार नाही ते या एका डब्याने होते, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

कैलास लेण्यासाठी अंगाच्या साबणाची मोठी वडी आणि बोथट सुरी पुरते. शिखर, मग मंडप, मग जोते या क्रमाने आधीच थोडे थोडे कोरलेल्या तीन वड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर वरून खाली जाण्याची कृती डोळ्यांपुढे उभी राहते. वर्गात बोलता बोलता कोरत बसू नये. हात कामात गुंतला की जीभ थांबते.

पाच मिनिटांच्या भाषणाला एक साधन बहुधा पुरते, दोन चालतात, तिसरे आले की भाषणाचे प्रदर्शन होते.

किल्लारीचे उदाहरण

वाक्य आणि वस्तू एकमेकांना कशी धरून राहतात हे दाखवण्यासाठी एक भाषण जरा सविस्तर पाहू. विषय किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे गेली. याविषयी बोलणारी मुले सामान्यतः मृतांचे आकडे, रिश्टर मापनाची माहिती, मदतकार्याचे वर्णन आणि शेवटी एक कविता असा क्रम लावतात. त्याऐवजी सांगायचे वाक्य असे ठरवले आहे असे समजा: ‘भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, म्हणून भिंती फाकल्या आणि वरचे माळवद माणसांवर आले.’

माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. या वाक्याला आधार असा आहे. त्या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट आणि काही ठिकाणी त्याहूनही जाड होत्या, पण त्या एकसंध नव्हत्या. बाहेरच्या बाजूने दगडांचा एक थर, आतल्या बाजूने दुसरा थर, दोन्ही मातीत रचलेले, आणि मधल्या पोकळीत लहान दगड आणि माती भरलेली, अशी त्यांची रचना असे. दोन्ही थरांच्या आरपार जाणारे लांब दगड बहुधा घातलेले नसत. वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड माळवद. दर काही वर्षांनी गळती थांबवण्यासाठी त्यावर आणखी माती चढत असल्यामुळे त्याचे वजन वाढतच जाई. ही घरे उन्हाळ्यात थंड राहत, गावात मिळणाऱ्या दगड-मातीत होत, आणि म्हणून ती बांधणाऱ्यांना अडाणी ठरवणारा सूर भाषणात कदापि येऊ नये. जमीन आडवी हलल्यावर काय होईल याचा अनुभव त्या पिढ्यांना नव्हता.

आता हे दाखवायचे कसे? कोसळलेल्या घरांची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून सहज मिळतात, पण त्यांत परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. कारण दाखवायचे तर भिंतीची प्रतिकृती करावी लागेल. काड्यापेट्यांची भिंत पहिल्या सुचण्यात येते. ती शेवटच्या बाकावरून दिसत नाही. साबणाची रिकामी खोकी गोळा करावीत, त्यांत वाळू भरून तोंडे चिकटवावीत, आणि एका पाटावर त्यांचे दोन थर, मध्ये तीन बोटांचे अंतर ठेवून, दीड-दोन फूट उंच रचावेत. मधल्या जागेत बारीक खडी भरावी. वर एक फळी आणि तिच्यावर मातीच्या दोन-तीन लहान पिशव्या ठेवल्या की माळवद झाले. दुसऱ्या पाटावर अगदी तशीच भिंत रचावी, मात्र तिच्यात उंचीत दर दोन खोक्यांनंतर, आरपार दगडांच्या जागी, दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या लाकडी पट्ट्या आडव्या घालाव्यात आणि त्यांची टोके डिंकाने पक्की करावीत. पाटाखाली दोन गोल दांडे ठेवले तर पाट मागे-पुढे सरकवता येतो.

प्रतिकृती ठेवताना भिंतीची कड वर्गाकडे असावी. दर्शनी बाजू वर्गाकडे ठेवली तर आतल्या दोन थरांचे फाकणे कुणालाच दिसणार नाही आणि सारी मेहनत वाया जाईल. हालवायचे ते भिंतीच्या जाडीच्या दिशेने. टेबलाची उंची कमी असेल तर त्यावर एक स्टूल किंवा पेटी ठेवावी, कारण पुढच्या बाकावरच्या मुलांची डोकी मागच्यांच्या आड येतात. खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत. वाळू आणि खडी सांडणारच.

भाषणाची सुरुवात साधारण अशी होईल: ‘मित्रमैत्रिणींनो, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपत असताना, किल्लारी आणि आसपासची गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. घरांच्या भिंती तर दोन-अडीच फूट जाड होत्या. मग त्या पडल्या कशा? ही एक भिंत पाहा. समोरून ती भक्कम वाटते, म्हणून मी ती तुमच्याकडे कड करून ठेवली आहे. हा बाहेरचा थर. हा आतला थर. यांच्यामध्ये काय आहे?’ येथे थांबावे, वर्गातून उत्तर येऊ द्यावे, आणि मग पाट हालवावा. भिंत पडल्यानंतर लगेच बोलू नये. दोन-तीन सेकंद गेल्यावर ठरवलेले वाक्य एकदाच, सावकाश, पूर्ण उच्चारावे. नंतर दुसरी भिंत हालवावी आणि आरपार दगडांनी काय फरक पडतो ते सांगावे. ही प्रतिकृती भिंतीचे वागणे समजावण्यापुरती आहे, तिच्यावरून खऱ्या घराच्या बळाचे मोजमाप करता येत नाही, हेही एका वाक्यात सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते.

हा विषय औसा, उमरगा, लोहारा या तालुक्यांतल्या किंवा तिथून आलेल्या मुलांसमोर मांडताना विशेष जपावे लागते. वर्गातल्या कुणाच्या घरी त्या पहाटेची आठवण असू शकते. शिक्षकांशी आधी बोलावे, मृतांची छायाचित्रे दाखवू नयेत, आणि भिंत पडताना वर्गात हशा पिकला तर तो रोखण्यासाठी रागावण्याऐवजी शांत उभे राहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी काही सांगितले असेल तर त्यांच्या परवानगीनेच ते भाषणात घ्यावे.

तक्ता तयार करताना

तक्ता करायचाच असेल तर त्याचे मोजमाप शेवटच्या बाकावरून ठरवावे. सामान्य वर्गात शेवटचा बाक फळ्यापासून वीस-पंचवीस फुटांवर असतो. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यात जोडाक्षरे, यामुळे अक्षर लहान काढले की सारे एकमेकांत मिसळते. म्हणून नुसत्या अक्षराची उंची, मात्रा वगळून, दोन इंचांच्या आसपास असावी. एवढ्या आकारात कार्डशीटवर फार तर दहा-बारा शब्द मावतात, आणि तेवढेच असणे योग्यही आहे. काळा, गडद निळा आणि गडद लाल हे रंग दुरून दिसतात. पिवळा, पोपटी, गुलाबी आणि आकाशी हे रंग पांढऱ्या कागदावर पाचव्या बाकापुढे दिसेनासे होतात, त्यामुळे त्यांनी लिहू नये. फक्त नकाशातली जागा भरण्यासाठी ते वापरावेत. काही मुलांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, म्हणून दोन भाग वेगळे दाखवायचे असतील तर रंगाबरोबर एका भागात तिरप्या रेषाही माराव्यात.

गुंडाळून आणलेली कार्डशीट उलगडल्यावर पुन्हा गुंडाळी होते आणि बोलणाऱ्याचा एक हात ती धरून ठेवण्यातच अडकतो. आदल्या रात्री ती उलट बाजूने गुंडाळून ठेवावी. वर आणि खाली लाकडी किंवा बांबूची पातळ पट्टी लावावी, वरच्या पट्टीला सुतळी बांधावी. मार्च-एप्रिलमध्ये वर्गात पंखे पूर्ण वेगाने चालू असतात, खिडक्याही उघड्या असतात, आणि पट्टी नसलेला तक्ता सारखा फडफडत राहतो. खालच्या पट्टीच्या वजनाने तो स्थिर राहतो. खिळा कुठे आहे, तक्ता तिथे लावल्यावर त्यावर खिडकीतले ऊन पडून चकाकी येते का, हे आदल्या दिवशी त्याच तासाच्या वेळेला वर्गात जाऊन पाहावे.

फळा वापरणाऱ्यांसाठी एक युक्ती फार उपयोगाची आहे. जी आकृती बोलता बोलता काढायची आहे तिची पुसट रेषा आधीच पेन्सिलीने काढून ठेवावी. ती जवळ उभे राहिल्यावरच दिसते, वर्गाला दिसत नाही, आणि खडू त्यावरून फिरवला की आकृती प्रमाणात आणि झटकन उमटते. काळ्या फळ्यावर पांढरा आणि पिवळा खडू उठून दिसतो. निळा आणि लाल दिसत नाहीत. वर्गाकडे पाठ करून बोलू नये. रेषा काढावी, वळावे, मग बोलावे.

आता अनेक शाळांत प्रोजेक्टर किंवा मोठा डिजिटल पडदा आला आहे. तो वापरणाऱ्याने दोन अडचणी आधीच गृहीत धराव्यात. वीज जाऊ शकते. म्हणून मुख्य आकृती कागदावर हाताशी असावी, आणि ती दाखवून भाषण पुढे नेण्याचा सराव झालेला असावा. दुसरी अडचण अक्षरांची. घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले शब्द शाळेच्या संगणकावर चौकोन आणि इंग्रजी चिन्हे होऊन उघडतात. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा, तयार झाल्यावर पीडीएफ करून घ्यावी आणि शाळेच्या यंत्रावर एकदा उघडून पाहावी. पाच मिनिटांसाठी तीन-चार पाने पुष्कळ झाली. अक्षरे उडत येणे, पाने फिरत जाणे, मागे संगीत वाजणे यांतून विषयाला काहीही मिळत नाही.

मजकूर आणि भाषा

‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती’ या सुरुवातीला जवळपास पंधरा सेकंद जातात. वर्गात व्यासपीठ नसते, आणि मुलांना पुढचे वाक्य आधीच पाठ असते. ‘सर, आणि मित्रमैत्रिणींनो’ एवढे संबोधन सभ्य आणि पुरेसे आहे. त्यानंतरचे पहिलेच वाक्य विषयात शिरणारे असावे.

संपूर्ण भाषण पाठ करू नये. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढचे सारे निसटते, आणि मध्येच भिंत हालवायची किंवा डबा उचलायचा असला की हे हमखास घडते. पहिली दोन वाक्ये, मुख्य वाक्य आणि शेवटचे वाक्य एवढीच शब्दशः तयार ठेवावीत. बाकीच्यासाठी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पाच-सहा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि कोणत्या शब्दाशी कोणती वस्तू दाखवायची ते लाल शाईने खूण करून ठेवावे. आकडे मात्र नीट लिहून घ्यावेत, कारण स्मरणातून सांगितलेला आकडा चुकला आणि वर्गातल्या कुणाच्या ते लक्षात आले, तर उरलेल्या भाषणावरचाही विश्वास जातो.

भाषेविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक वाटते. आपल्याकडे घरात ‘काय करायलास’, ‘कुठं जायलेत’ असे बोलणारी मुले भाषणाला उभी राहिली की एकदम परकी, पुस्तकी मराठी ओढून आणतात आणि तिच्या ओझ्याखाली त्यांचा आवाज लहान होतो. उदगीर-उमरग्याकडे घरी कन्नड, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, तांड्यावर गोरमाटी (बंजारा समाजाची बोली), शहरांतल्या अनेक मोहल्ल्यांत दखनी बोलली जाते, आणि त्या मुलांना हे ओझे दुप्पट वाटते. प्रमाण मराठीत बोलण्याचा सराव अवश्य करावा, परीक्षेत तिची अपेक्षा असते. परंतु लहान वाक्यांची, रोजच्या शब्दांची प्रमाण मराठी पुरेशी असते. ‘प्रस्तुत’, ‘सदर’, ‘उपरोक्त’ यांची गरज नसते. माळवद, खण, आड, बारव, चोंडी, वाण यांसारखे आपल्याकडचे नेमके शब्द असतील तर ते निःसंकोच वापरावेत, कारण वर्गाला ते लगेच कळतात. उच्चारावरून कुणी हसले तर त्याला तिथल्या तिथे थांबवणे ही शिक्षकांची जबाबदारी आहे. ती न पाळल्यामुळे चांगले सांगू शकणारी कितीतरी मुले कायमची गप्प होतात, आणि हे नुकसान कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

सराव

सराव मनातल्या मनात करून भागत नाही. उभे राहून, मोठ्याने, खऱ्या वस्तूंसह आणि मोबाइलवर वेळ लावून तो करावा. घरात जागा नसेल तर गच्चीवर, ओट्यावर किंवा शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. पहिल्या वेळी भाषण बहुधा सात-आठ मिनिटे चालते. अशा वेळी बोलण्याचा वेग वाढवू नये. एक परिच्छेद काढून टाकावा. कोणता काढावा हे कळत नसेल तर मुख्य वाक्याकडे पाहावे आणि ज्या परिच्छेदावाचून ते अडत नाही तो निर्दयपणे काढावा. एखादा मित्र शेवटच्या बाकावर बसवून त्याला फक्त तीन गोष्टी विचाराव्यात: ऐकू आले का, दिसले का, आणि मी काय सांगितले ते एका वाक्यात सांग. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुख्य वाक्यापासून दूर असेल, तर दुरुस्ती मजकुरात हवी, मित्राच्या आकलनात नव्हे.

प्रतिकृती असेल तर ती निदान तीन-चार वेळा हालवून पाहावी. जी भिंत टिकायची ती पडते आणि पडायची ती टिकते, हे सरावात झाले तर उपाय करता येतो. डिंक ओला होता, वाळू कमी होती किंवा धक्का वाकडा बसला, असे काहीतरी कारण सापडते.

प्रत्यक्ष बोलताना

तास सुरू होण्यापूर्वी साहित्य जागेवर असावे, पण झाकलेले असावे. तक्ता उघडा राहिला की वर्ग तो वाचून मोकळा होतो. त्यावर जुन्या वर्तमानपत्राचा कागद चिमट्यांनी लावावा, प्रतिकृतीवर ओढणी किंवा टॉवेल टाकावा. ज्या क्षणी त्याविषयी बोलायचे त्याच क्षणी झाकण काढावे, मुलांना क्षणभर पाहू द्यावे, आपण काय पाहत आहोत ते आधी सांगावे आणि मगच त्याचा अर्थ सांगावा. काम झाले की पुन्हा झाकावे, म्हणजे नजरा बोलणाऱ्याकडे परततात. वस्तू बाकांवरून फिरवायला देऊ नये. ती ज्या रांगेत असते ती रांग ऐकत नाही, आणि शेवटच्या रांगेत पोहोचते तेव्हा भाषण दुसऱ्याच मुद्द्यावर गेलेले असते. हाताळायची असेल तर भाषणानंतर टेबलापाशी बोलवावे.

तक्त्याच्या एका बाजूला, वर्गाकडे तोंड करून उभे राहावे आणि तक्त्याकडच्या हाताने छडी किंवा पट्टी धरून दाखवावे. दुसरा हात छातीवरून पलीकडे नेला की शरीर आपोआप वर्गापासून वळते. छडीचे टोक नेमक्या जागी टेकवावे, हवेत फिरवत राहू नये.

छाती धडधडणे, तोंड कोरडे पडणे हे बहुतेकांना होते, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर ते पुष्कळ कमी होते. पहिली दोन वाक्ये पाठ ठेवायची ती याचसाठी. उभे राहिल्यावर लगेच बोलू नये. साहित्य सरळ करावे, एक श्वास पूर्ण सोडावा, शेवटच्या बाकावरच्या कुणाकडे तरी पाहावे आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात करावी. हात थरथरत असेल तर कागद टेबलावर ठेवावा, कारण हातातला कागद थरथर मोठी करून दाखवतो. मध्ये काही आठवेनासे झाले तर तक्त्याकडे किंवा वस्तूकडे वळून तिथे जे दिसते आहे त्याचे वर्णन करावे. विषयाला धरून निवडलेली वस्तू असेल तर पुढचा मुद्दा तीच सुचवते.

भाषण संपल्यावर ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ असे म्हणण्याची आवश्यकता नाही. शेवटचे वाक्य बोलून थांबावे आणि ‘काही विचारायचे असेल तर विचारा’ असे म्हणावे. प्रश्न कुणी हळू विचारला तर तो सर्वांना ऐकू जाईल असा पुन्हा उच्चारावा. उत्तर येत नसेल तर ‘हे मी पाहून उद्या सांगतो’ असे सांगावे आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगावे. मूल्यमापन करणाऱ्या शिक्षकांनीही तक्त्याच्या देखणेपणाला वेगळे गुण ठेवू नयेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बाजारातून छापून आणलेला चकचकीत तक्ता आणि घरच्या डब्यात मोजून आणलेले सव्वासहा लिटर पाणी यांची तुलना करताना, वर्गाला काय कळले एवढेच पाहिले जावे.

जागेवर बसल्यावर, आठवण ताजी असतानाच, हातातल्या कार्डाच्या मागे किती मिनिटे लागली, वर्ग कुठे चुळबुळला आणि कोणता प्रश्न आला ते लिहून ठेवावे. तक्ता गुंडाळून त्यावर विषय आणि तारीख घालावी व तो शाळेच्या साहित्य कपाटात द्यावा. पुढच्या वर्षी त्याच धड्याला तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल.